अर्ध्या दाढीचा रेझर

मित्रांनो, मी एक जुना रेझर आहे, दाढी करायचा. तुम्हांला माझी गरज पडायला अजून अवकाश आहे, पण घरातल्या आरशापुढे कुणाच्या तरी हातात माझा एखादा भाऊबंद तुम्ही पाहिला असेल. मी पितळेचा. वरचा पांढरा मुलामा दांड्यापाशी उडून गेला आहे. माझं डोकं दोन तुकड्यांचं. त्यांच्यामध्ये पातं ठेवायचं आणि खालून दांडा पिळून घट्ट करायचा. म्हणजे धार पात्याची, मी नुसता धरून ठेवणारा. मला दुखत नाही. गार-गरम कळत नाही. कळतं ते एवढंच, की पातं केसांतून सरकन गेलं की अडलं. अडलं की माझा दांडा किंचित थरथरतो.

माझा जन्म पात्यांच्याच कारखान्यात झाला. साबणाच्या हातातून निसटू नये म्हणून माझ्या दांड्यावर बारीक आडव्या-उभ्या रेघा पाडल्या. माझ्याबरोबर तयार झालेले बाकीचे सगळे खोक्यांत बसून दुकानांत गेले. मला मात्र जिना चढवून वरच्या परीक्षेच्या खोलीत नेलं.

त्या खोलीत ओळीने तीन बेसिनं होती आणि प्रत्येकावर आरसा. उजेड सगळीकडे सारखा पडावा म्हणून खिडक्यांच्या काचा पांढऱ्या रंगवलेल्या. काम एकच, धार तपासणं. मित्रांनो, धार डोळ्यांना दिसत नाही आणि बोटाला विचारायला गेलं तर बोटच कापतं. म्हणून तिथे दोन उपाय होते. कोपऱ्यात एक यंत्र होतं. त्यात दोरा ताणून बांधायचा आणि पातं हळूहळू त्यावर दाबायचं. दोरा तुटायला किती जोर लागला ते काटा दाखवायचा. जोर कमी लागला, तर धार चांगली. ते यंत्र चालवणाऱ्याला सगळे दोरेवाला म्हणत.

दुसरा उपाय म्हणजे माणसाचा गाल. सकाळी तीन माणसं बेसिनांपुढे उभी राहायची. अर्धी दाढी एका पात्याने, अर्धी दुसऱ्याने. पात्यांवर नाव नसायचं, नुसता रंगाचा ठिपका. कोणता ठिपका कुठल्या पात्याचा, ते फक्त बाईंना ठाऊक. बाई म्हणजे त्या खोलीच्या प्रमुख. आज लाल ठिपका डावीकडे दिला, तर उद्या त्या तोच उजवीकडे देत. गालानेही पक्षपात करू नये, असं त्या म्हणायच्या.

माझा माणूस तिघांत सगळ्यांत जुना. त्याला गालसाहेब हे नाव दोरेवाल्याने ठेवलं होतं. "आपण सगळे हमाल," तो म्हणाला होता, "इथे साहेब एकच, ह्याचा गाल!" यंत्राचं आणि गालाचं जुळलं नाही की बाई गालसाहेबाचा शब्द धरत. त्यामुळे दोरेवाल्याचा जळफळाट व्हायचा.

"काय साहेब, दोरा म्हणतो हे पातं बोथट आहे."

"दोऱ्याला म्हणावं, आधी दाढी करून ये. मग बोल."

"त्याला दाढी नाही हो. पण खोटं बोलायला तोंडही नाही!"

ते माझे चांगले दिवस होते. काम झालं की गालसाहेब मला उघडून धुवायचा, झटकायचा, कोरड्या फडक्याने पुसायचा. एकदा मला बदलायची गोष्ट निघाली, तेव्हा बाई म्हणाल्या, "हात तोच आणि रेझर तोच राहिला, तरच पात्यातला फरक कळेल. हा इथेच राहू दे." माझं कौतुक झालं ते एवढंच. मला ते पुरलं.

मग गालसाहेबाच्या डाव्या गालात कळा यायला लागल्या. वारा लागला तरी कळ, घास चावला तरी कळ. मी जवळ गेलो की त्याचे डोळे मिटायचे. शेवटी डॉक्टरांनी गालाच्या शिरेत इंजेक्शन दिलं. कळ थांबली.

तो कामावर परत आला त्या सकाळी मी त्याच्या डाव्या गालावरून फिरलो. पूर्वी मी टेकलो की कातडी किंचित आखडायची, भुवई हलायची. त्या दिवशी काहीच नाही. टेबलावरून फिरावं तसा मी फिरलो. त्याने मला खाली ठेवलं. आरशात बघत गालावर बोट दाबलं, मग नख दाबलं. इकडेतिकडे पाहिलं. आणि मला उचलून पुन्हा दाढी करायला लागला.

त्याने कुणालाच सांगितलं नाही. बधिर गालाचं त्या खोलीत काय काम? त्याला खाली पुड्या भरायच्या टेबलावर बसवलं असतं. तिथे त्याला गालसाहेब कोण म्हणणार होतं?

त्याच सुमारास कारखान्यात धार लावायचं नवीन चाक आलं. त्यावरची पाती लाल ठिपक्याची आणि जुनी निळ्या ठिपक्याची, हे मला मागाहून कळलं. मला कळत होतं ते इतकंच, की लाल पातं अडतं. ते डावीकडे असलं तरी मी थरथरायचो, उजवीकडे असलं तरी थरथरायचो.

बाई विचारायच्या, "काय म्हणतो गाल?"

"डावीकडचं चांगलं," तो म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पाती उलटसुलट व्हायची. तरी तो म्हणायचा, "डावीकडचं चांगलं."

तो खोटं बोलत होता, असं मी म्हणणार नाही. जिथे काही लागतच नव्हतं, तिथे सगळं छान वाटत होतं.

पण त्यामुळे एके दिवशी लाल जिंकायचं आणि एके दिवशी निळं. दोरेवाल्याचं यंत्र लाल पात्याला नाही म्हणत होतं. बाकीचे दोघंही "जरा ओढतं" म्हणाले, पण ते नवखे. बाई म्हणाल्या, "गालसाहेबांना दोन्ही सारखीच वाटतात. उद्या शेवटचं बघू, आणि नवीन पाती बाजारात जाऊ देत."

दुसऱ्या दिवशी लाल ठिपका डावीकडे होता. हनुवटीच्या वर पातं अडलं. मी थरथरलो. त्याने जोर दिला. पातं केसावरून घसरून कातडीत गेलं. तो तसाच पुढे गेला.

दोरेवाला कसलंसं फडकं न्यायला आला होता. "अहो साहेब, रक्त आलंय!"

"कुठे?" म्हणत गालसाहेबाने उजव्या गालावर हात ठेवला.

दोरेवाल्याच्या तोंडावर आलेलं हसू तिथेच थांबलं. रक्त डाव्या गालावरून गळ्यापर्यंत आलं होतं. त्याने तुरटीचा खडा उचलून दिला. मग हळूच म्हणाला, "तुला कळलं नाही?" इतकी वर्षं तो थट्टेने अहोजाहो करत आला होता.

गालसाहेबाने मान हलवली.

"मी बाईंना बोलणार नाही," दोरेवाला म्हणाला. "पण ही पाती उद्या कुणाकुणाच्या गालावर जातील. त्यांना लागेल रे."

बाई आत आल्या. "झालं? काय म्हणतो गाल?"

नळ वाहत होता. गालसाहेबाने तो बंद केला. मला बेसिनाच्या कडेवर ठेवलं.

"डावीकडचं माझं काही धरू नका, बाई. मागचंही धरू नका. हा गाल मेलाय."

"कधीपासून?"

"इंजेक्शन दिलं तेव्हापासून."

बाईंनी जवळ येऊन त्याचा गाल पाहिला. "हे आधी सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत.

"हो," तो म्हणाला.

लाल पाती थांबली, नवीन चाक उतरवलं. गालसाहेब खाली पुड्यांच्या टेबलावर गेला. त्याच्या बेसिनापुढे दुसरा माणूस नव्या रेझरसह उभा राहिला. मला वाळक्या ब्रशांबरोबर एका पत्र्याच्या डब्यात टाकलं. अंगावर साबण तसाच सुकला. पितळेवर हिरवट डाग चढले. त्याचं मला वाईट वाटलं का? मित्रांनो, खरं सांगतो, काहीच वाटलं नाही. डब्यात असं होतं.

पुष्कळ दिवसांनी झाकण उघडलं. दोरेवाल्याने मला कागदात गुंडाळून खिशात घातलं. गालसाहेबाच्या दारात तो म्हणाला, "बाईंना विचारूनच आणलाय. चोरीचा माल नाही."

गालसाहेबाची उजवी बाजू नीट होती. डाव्या बाजूला मात्र कुठे खुंट राहिलेले, कुठे जुने काप. त्याच्या बायकोने मला गरम पाण्यात घासून स्वच्छ केलं. नवं पातं घातलं. खिडकीशी खुर्ची ओढली.

"अहो, इकडे उजेडात बसा. डावी बाजू मी करते."

"तुला येतं का?"

"तुम्हांला तरी कुठे येतंय?"

पहिला हात फिरवून तिने विचारलं, "लागतंय का?"

"मला काय विचारतेस? गालाला विचार."

"गाल बोलतच नाही."

"मग बघून कर."

तेव्हापासून तिने तो नेमच धरला आहे. रोज सकाळी, कितीही कामं असोत. एक हात फिरवायचा, ओल्या फडक्याने पुसायचं, वाकून बघायचं, मग पुढचा हात. शेवटी मला धुऊन, कोरडं करून खिडकीत ठेवायचं.

मित्रांनो, तुमच्याकडच्या मुक्या वस्तू वापरून झाल्यावर पुसून ठेवत जा, एवढं मागणं आहेच. आणखी एक आहे. ज्याला दुखतं तो ओरडतो, आणि आपण धावतो. पण ज्याला लागलेलं कळतच नाही, असंही कुणी तुमच्या घरात असेल, वर्गात असेल. त्याला "लागलं का?" असं विचारून भागत नाही. तो नाहीच म्हणेल. त्याला उजेडात बसवा, आणि नीट वाकून बघा.