घाईबाईची गुळणी

आता सांगते त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले दात पडोत. आणि उरलेत ते सगळे चावायच्या कामाचे आहेत, तेव्हा शपथ काही स्वस्तातली नाही. ज्याला विश्वास ठेवायचा नसेल त्यानं आत्ताच उठून चहा टाकावा, म्हणजे ऐकणाऱ्यांची तरी सोय होईल.

तर एका शाळेत पाचवीच्या वर्गाला एक बाई होत्या. पोरं त्यांना पाठीमागे घाईबाई म्हणायची, आणि का म्हणू नयेत? बाई जिना चढायच्या तर खांद्यावरची पिशवी मागून धावत यायची. फळ्यावर लिहायला लागल्या की खडू तुटायचा, पण वाक्य तुटायचं नाही. शिंक आली तर तीसुद्धा अर्धीच द्यायच्या, उरलेली मधल्या सुट्टीत. पण शिकवण्यावर जीव होता बाईंचा. वर्गातून बाहेर पडल्या की चेहऱ्यावर असं समाधान, जसं काही घरभर झाडून-पुसून काढलंय.

एकदा शाळेनं सगळ्या शिक्षकांना प्रशिक्षणाला बसवलं. शिकवायला आला होता एक कडक इस्त्रीचा माणूस, हातात माईक आणि तोंडात साखर. शिक्षकांनी त्याचं नाव ठेवलं टाळ्यावाला. त्याचं म्हणणं सोपं होतं. प्रश्न विचारा, पटकन उत्तर घ्या, टाळी वाजवा, पुढे चला. उत्तर आलं नाही तर स्वतः सांगा, टाळी वाजवा, पुढे चला. वर्ग गप्प झाला की तो मेला. त्या गप्प बसण्याला तो ‘मेलेला वेळ’ म्हणायचा, आणि म्हणताना असा चेहरा करायचा की खरंच कुणाला तरी पोचवून आलाय. महिन्याभरानं तो वर्गावर्गात येऊन बघणार होता. शाळेच्या मोठ्या बाईंनी तेव्हाच सांगून टाकलं की ज्याचा वर्ग मेलेला सापडेल त्याचा वर्ग जाईल, आणि त्याला खाली ऑफिसच्या खिडकीत दाखले वाटायला बसवलं जाईल.

घाईबाई निर्धास्त. त्यांच्या वर्गात वेळ मरायचा कुठला, त्याला बसायलाच जागा नव्हती. टाळ्यावाल्यानं सांगितलं होतं की आपला एक तास मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी ऐका. बाईंनी केला, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात मोठ्या ऐटीत लावला. समोर सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. मोबाइलमधून बाईंचा आवाज सुरू झाला. पाऊस कसा पडतो, कोण सांगेल, चला मी सांगते, वाफ वर जाते, मग काय होतं, थंड होते, थंड झाली की काय होतं, थेंब होतात, बरोबर? बरोबर. पुढे.

सासूबाईंनी बरंच ऐकून घेतलं. मग एक शेंग सोलून झाली तशी म्हणाल्या, “अगं, विचारतेसही तूच आणि सांगतेसही तूच. मग ती पोरं कशाला बोलावून घेतलीस? घरीच बसून शिकवायचं होतंस की.”

“आई, त्यांना उत्तरं येत नाहीत म्हणून सांगते.”

“येतील कशी? उत्तर घरातून चप्पल घालून निघेपर्यंत तू दाराला कुलूप लावतेस.”

बाईंना राग आला. राग आला म्हणजे लागलं असणार. त्यांनी रेकॉर्डिंग पहिल्यापासून पुन्हा लावलं, या वेळी पोरांचा आवाज शोधत. सबंध तासात तो खोकला, बाक सरकणं आणि ‘हो बाई’ यापलीकडे सापडलाच नाही. सासूबाईंनी मटारची पातेली उचलली आणि जाता जाता सांगितलं की प्रश्न विचारून झाला की तोंडात मिठाची गुळणी धरत जा. त्या आपल्या बोलायचं म्हणून बोलल्या. बाईंनी रात्रभर ते डोक्यात घोळवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी प्रश्न विचारला आणि गप्प राहायचं ठरवलं. जमेना. जीभ म्हणजे नुसती दावं तोडू पाहणारी गाय. ओठ आवळले तर ‘म्हणजे बघा’ नाकातून बाहेर पडलं. तोंडावर हात धरला तर बोटांच्या फटीतून निम्मं उत्तर सांडलं. शेवटी टेबलावर पाण्याची बाटली होती ती उचलली, एक मोठा घोट घेतला आणि गिळलाच नाही. आता बोलायची सोय उरली नाही. गाल फुगवून बाई उभ्या, आणि समोर सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत. एकाला वाटलं बाईंची दाढ दुखतेय. दुसऱ्यानं लवंग ठेवायचा सल्ला दिला. पहिल्या बाकावरची हुशार पोरं उत्तराची वाट बघत पेन उघडून बसली होती, त्यांनी कंटाळून पेनांची टोपणं लावली. आणि मग कुणालाच काही मिळत नाही असं दिसल्यावर, नाइलाजानं, पोरं विचार करायला लागली.

शेवटच्या बाकावर एक उंच मुलगी बसायची. वर्षभरात तिनं हजेरीपलीकडे तोंड उघडलं नव्हतं. बाईंनी तिला मनातल्या मनात ‘ढ’च्या खात्यात टाकून कधीच रजा दिली होती. त्या दिवशी इतरांचं बोलून संपलं, वर्ग पुन्हा शांत झाला, आणि ती सावकाश उठून बोलली. एकेक शब्द जागेवर ठेवत बोलली. उत्तर असं पूर्ण की बाईंचंसुद्धा त्यापुढे उष्टं वाटावं. बाईंनी पाणी गिळलं आणि विचारलं, इतके दिवस का गप्प होतीस?

“मला रोजच येतं, बाई,” ती म्हणाली. “पण माझं येईपर्यंत तुमचं येऊन जातं.”

तक्रार नव्हती हो तिची. बस येऊन गेली म्हणतात ना, तसं सांगितलं. पण त्या दिवशी बाई मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत गेल्या नाहीत. रिकाम्या वर्गात त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या, आणि तिथून फळा किती लांब दिसतो ते बघत राहिल्या.

त्यानंतर गुळणी रोजची झाली. महिना संपत आला तसे सोबतचे शिक्षक समजवायला लागले. एक दिवस टाळ्या वाजव, बघणारा गेला की दुसऱ्या दिवसापासून तुझं राज्य. चित्रकलेचे सर म्हणाले, आम्हीही पाट्या टाकतोच की, तुझ्या पाटीला काय सोनं लागलंय? शहाणा सल्ला होता. पण बाईंच्या डोळ्यांपुढे ती उंच मुलगी यायची. आज बघणाऱ्यासाठी दार लावलं तर उद्या ती पोरगी चप्पल घालेल कशाला?

तो दिवस उजाडला. टाळ्यावाला आणि मोठ्या बाई मागच्या बाजूला खुर्च्या टाकून बसले. घाईबाईंनी टेबलावर एक कोरा कागद अंथरला, त्यावर काचेचा ग्लास ठेवला, त्यात बर्फाचे खडे टाकले आणि काठोकाठ पाणी भरलं, इतकं की माशी शिंकली असती तर सांडलं असतं. बर्फ वर डोकं काढून तरंगत होता. बाईंनी विचारलं, “हा बर्फ वितळला की पाणी सांडेल का?” आणि बाटली उचलून तोंडात घोट धरला.

वर्ग गप्प. पंख्याचा आवाज येऊ लागला. टाळ्यावाला खुर्चीत चुळबुळायला लागला, जसं काही कुणी त्याच्या शर्टात मुंगी सोडलीय. त्यानं मोठ्या बाईंकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, पायानं ठेका धरला. पोरं ग्लासाकडे बघत होती. एक म्हणाला सांडेल, वरचा बर्फ खाली येणार ना. दुसरी म्हणाली नाही सांडणार, बर्फ वितळल्यावर बारीक होतो, आमच्या फ्रीजमध्ये पाणी भरलेली बाटली फुगली होती. तिसऱ्याला एकदम दोन्ही पटलं. आणि पुन्हा शांतता.

टाळ्यावाल्याला ती सोसेना. तो उठलाच. “सांडणार, मुलांनो. टाळ्या.”

त्यानं टाळी वाजवली. एकट्यानंच. वर्गातल्या एकाही हातानं साथ दिली नाही. मोठ्या बाईंचे हात मांडीवरून निम्मे वर आले आणि तिथेच राहिले.

“सर, थांबा ना,” पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. “अजून वितळतोय.”

बर्फ संपत आला तशी सगळी पोरं टेबलाभोवती गोळा झाली. टाळ्यावालाही आला, आणि त्यानं विजयी बोटानं खालचा कागद दाखवला. कागद ओला झाला होता. ग्लासाच्या बाहेरून थेंब ओघळत होते. सांडलं, बघा, सांडलं. आता उंच मुलगी पुढे आली. तिनं वाकून काठाशी डोळा लावला. शेवटचा बर्फाचा कण वितळून गेला होता आणि पाणी होतं तिथेच होतं, काठोकाठ. “सर, वर तर भरलेलाच आहे,” ती म्हणाली. “मग हे बाहेरचं पाणी कुठून आलं?”

काय सांगू, असा प्रश्न तिथे कुणी विचारायचा ठरवलाच नव्हता. टाळ्यावाल्याचे टाळीसाठी उचललेले हात तसेच हवेत, जसं काही अदृश्य भोपळा धरलाय. मोठ्या बाई खुर्ची सोडून कधी टेबलापाशी आल्या ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही, आणि त्या बोटानं ग्लासावरचा थेंब पुसून बघत होत्या. घाईबाईंच्या तोंडात पाणी, पोटात हसू. दोघांचं भांडण झालं आणि हसू जिंकलं. जे कारंजं उडालं ते थेट त्या कडक इस्त्रीवर, गळ्यापासून पट्ट्यापर्यंत.

तास संपल्यावर मोठ्या बाईंनी त्यांना खोलीत बोलावलं. टाळ्यावाल्यानं वर्ग मेलेला ठरवला होता, अगदी थंडगार. मोठ्या बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं होतं. त्या म्हणाल्या की उद्या तो पुन्हा येईल, फक्त एक तास त्याच्या पद्धतीनं घ्या, मी सगळं मिटवते.

“नाही घेणार,” घाईबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या हळू बोलत होत्या. “इतकी वर्षं मी त्याच्याच पद्धतीनं शिकवलं, फक्त टाळ्या नव्हत्या. किती पोरांच्या तोंडचं उत्तर मी खाल्लं ते मला मोजता यायचं नाही. आता माझं पोट भरलंय. वर्ग काढायचा तर काढा. पण मी वर्गात आहे तोवर प्रश्नानंतर पोरांना वेळ मिळेल, आणि तो वेळ जिवंत असेल.”

वर्ग गेला. बाई खिडकीत बसल्या आणि दाखले वाटू लागल्या. पाचवी चित्रकलेच्या सरांकडे दिली. सरांनी प्रश्न विचारला आणि सवयीनं उत्तर सांगायला गेले, तर सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, सर, थांबा, आमचं व्हायचंय. सर थांबले. थांबण्याची सवय नव्हती, घाम फुटला. दोन-तीन दिवसांत ते मोठ्या बाईंकडे जाऊन म्हणाले, ही पोरं मला माझंच उत्तर देऊ देत नाहीत, मला माझी रंगपेटी परत द्या. दुसऱ्या शिक्षिकेला पाठवलं, तीही परत आली. शेवटी मोठ्या बाई स्वतः वर्गावर गेल्या. काय घडलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एवढंच दिसलं की घंटा झाली, शाळा सुटली, बाकीच्या वर्गांतली पोरं घरी गेली, तरी पाचवीच्या वर्गातून आवाज येत होते, आणि दारातून डोकावणाऱ्या शिपायाला मोठ्या बाईंनी हातानंच सांगितलं, थांब जरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खिडकीपाशी आल्या आणि बाईंना म्हणाल्या, “उठा. तुमची पोरं तुम्हीच सांभाळा. आणि त्या माणसाला काय सांगायचं ते मी बघते.”

बाई उठल्या. समोर रांगेत उभा असलेला बाप म्हणाला, अहो, माझा दाखला? तेव्हा बाई म्हणाल्या, थांबा. आणि जिना चढायला लागल्या. पिशवी मागून धावत आली.

टाळ्यावाला अजून गावोगाव टाळ्या वाजवत फिरतो. फक्त वर्ग बघायला जाताना आता शर्ट... बरं बाई, असं बघू नका माझ्याकडे. दात माझे आहेत, मला प्यारे आहेत. कारंजं उडालं नव्हतं. घाईबाईंनी ते पाणी गिळलं, मुकाट्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पण उडायला हवं होतं, म्हणून मी उडवलं.