कडूबाची उलटी झडप

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो. पंप म्हटलं की तुम्हाला पेट्रोलसाठी लागलेल्या रांगा आठवतील, पण तो मी नव्हे. मी मुठीएवढा. सदाशिव मास्तरांच्या फियाटच्या इंजिनाला चिकटून मी पन्नास वर्षं टाकीतलं पेट्रोल ओढलं. माझ्या पोटात एक रबरी पडदा आणि दोन चिमुकल्या झडपा. एक पेट्रोल आत घेते, दुसरी बाहेर सोडते. दिसायला दोघी जुळ्या बहिणी, बसवायच्या मात्र एकमेकींच्या उलट.

साच्यातून निघालो तेव्हा काय चकाकत होतो म्हणून सांगू! पण माझी खरी कदर केली ती छावणीतल्या कडूबा मिस्त्रीनं. गाडी बंद पडली की बाकीचे आधी सामान बदलायचे. कडूबा आधी माझी नळी सोडवून बाटलीत धरायचा आणि म्हणायचा, "मास्तर, मारा सेल्फ." जोरदार पिचकारी पडली की मी निर्दोष. नाही पडली तर मला उतरवून तोंडावर अंगठा दाबायचा, दांडी हलवायचा. अंगठा ओढला गेला की हसायचा, "जीव हाय लेकाच्यात!" उन्हाळ्यात क्रांती चौकात मी तापून रुसलो, तर मास्तर माझ्यावर ओलं फडकं टाकायचे. असे लाड झाले माझे.

मास्तरांचा मुलगा मंदार पुण्याला. "बाबा, विका ना ती गाडी," हे त्याचं दर दिवाळीला. मास्तरांचं उत्तर ठरलेलं, "कडूबा म्हणेल संपलं, त्या दिवशी विकू." पत्नी यमुनाबाई गेल्यावर त्या गाडीशिवाय मास्तरांना होतं तरी कोण? रोज संध्याकाळी ते पुंडलिकनगरातून एक फेरी मारत. शेजारची सीट बाईंची. कुणी सोबत आलंच तर त्याला मागं बसवत.

गेल्या चैत्रात माझा पडदा चिरला. कडूबानं मला उघडलं, पेट्रोलनं आंघोळ घातली, नवा पडदा घातला. पण झडपा बसवताना तो मला नाकाशी नेऊन बघत होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता त्याच्या, आणि ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. मिस्त्रीला दिसत नाही म्हटल्यावर गाडी कोण आणणार? बाहेर सोडणारी झडप त्यानं उलटी बसवली.

अरे, उलटी आहे रे! मी जीव तोडून ओरडत होतो. पण आम्हाला कुठली वाचा?

मास्तरांनी सेल्फ मारला. बाटली कोरडी. कडूबानं पुन्हा उघडलं, पुन्हा नाकाशी नेलं, पुन्हा तसंच बसवलं. तिसऱ्यांदाही थेंब पडला नाही, तेव्हा घाम पुसत म्हणाला, "मास्तर, ह्याची बॉडीच खाल्लीय आतून. लई ओढलं बिचाऱ्यानं. आता नाय व्हायचं, अन् असला पंप नवा बी मिळत नाय."

"नक्की?"

"व्हय."

दुसऱ्या मिस्त्रीला दाखवू, असं मास्तर एका शब्दानं म्हणाले नाहीत. पंधरा दिवसांत नाशिकचा कुणी हौशी गाडी टेम्पोवर चढवून घेऊन गेला. मी कडूबाच्या भंगाराच्या डब्यात पडलो.

पावसाळ्यात कडूबाच्या नातीनं, प्रेरणानं, त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं आणि डोळ्यांचं ऑपरेशन करवलं. दिसायला लागल्यावर त्यानं डबा उपसला, मला उघडलं आणि उलटी झडप त्याच्या नजरेला पडली. मग झडप सरळ केली, माझी एक नळी पेट्रोलात बुडवली, दांडी हलवली. बाटलीत पिचकारी पडली. मी आयुष्यात एवढा दुःखी कधी झालो नव्हतो, मित्रांनो.

मला घेऊन तो मास्तरांच्या दारी गेला. "मास्तर, पंप चांगला व्हता. माझेच डोळे गेले व्हते. म्या तुमची गाडी घालवली."

मास्तरांनी मला हातात घेतलं. मग म्हणाले, "अरे, दिसत नव्हतं तर सांगायचं होतंस. मी शेजारीच उभा होतो ना? माझे डोळे होते की!"

कडूबा लहान पोरासारखा रडला. मास्तरांनी मंदारकरवी नाशिकला फोन लावून पाहिला, पण गाडी तिथूनही पुढं विकली गेली होती. आता मी मास्तरांच्या खिडकीत असतो. कडूबा अधूनमधून येतो, चहा घेतो, माझ्याकडं बघत नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तेलपाणी करा, ते हवंच. पण एखादा म्हातारा हातातली वस्तू डोळ्यांशी नेऊन बघताना दिसला, तर त्याला विचारा, "आबा, नीट दिसतं ना?" तो रागावेल, खेकसेल. तरी विचारा. कडूबाला त्या दिवशी कुणीच विचारलं नाही.