वरच्या मजल्यावरचं हसणं

भाकऱ्या थापल्याचा आवाज यमुनाबाईंनी सोसला असता. पोरीचं धावणं सोसलं असतं, खलबत्त्यातली कुटाकुटी सोसली असती, गावाकडून दवाखान्याला आलेल्या पाहुण्यांच्या गप्पासुद्धा कानात बोळे घालून सोसल्या असत्या. गारखेड्यातल्या त्या अपार्टमेंटमध्ये बावीस वर्षं काढलेल्या बाईला आवाजाचं काय एवढं? आठवड्यातून एकदा नळाला पाणी आलं की सगळी बिल्डिंगच ड्रम आणि बादल्या घेऊन नाचायला लागते. पण दुपारी चार वाजता डोक्यावरच्या स्लॅबमधून जे हसणं खाली यायचं, ते त्यांना सोसवेना. कारण ते हसणं त्यांच्या स्वतःच्या नवऱ्याचं होतं.

आता हे असं कसं झालं ते सांगायला पाहिजे. आणि सांगताना यमुनाबाईंची चूक थोडी दाखवावी लागेल, त्याला इलाज नाही.

वरचा फ्लॅट पुण्याला राहणाऱ्या अतुलचा. त्यानं तो हनुमान नावाच्या मुलाला भाड्यानं दिला. हनुमान शेंद्र्याला कंपनीत, बायको करुणा, पाच वर्षांची प्रांजली. इथवर सगळं ठीक होतं. महिन्याभरात देवगाव रंगारीहून त्याचे आईवडील, मल्हारी आणि वच्छलाबाई, येऊन राहिले. दोघांचा उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. मल्हारीचे गुडघे गेले तेव्हा मेंढरं विकली आणि लेकाकडं आले. माणसं कशी, तर या खोलीतून त्या खोलीत बोलायचं असलं तरी मधे ओढा आहे असं समजून बोलणार.

"डोक्यावर मिऱ्या वाटतात मेले," यमुनाबाई म्हणायच्या. आठ दिवस म्हणत राहिल्या आणि नवव्या दिवशी त्यांनी अनंतरावांना वर धाडलं. "अहो, जरा खडसावून या. म्हणावं, खाली म्हातारी माणसं राहतात. आणि गुळमुळीत बोलू नका, नेहमीसारखं."

अनंतराव सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घरात त्यांचं बोलणं दिवसाला दहा-बारा शब्द, त्यातले चार 'चहा' आणि दोन 'पेपर'. पूर्वी असे नव्हते. पूर्वी जेवताना कचेरीतल्या एकेक गमती सांगायचे. पण चाळीस वर्षांच्या संसारात गमती तरी किती पुरणार? यमुनाबाईंना सगळ्या पाठ. हे पहिलं वाक्य बोलले की त्या पोळी लाटता लाटता शेवटचं वाक्य बोलून मोकळ्या व्हायच्या. त्यात वाईट हेतू काही नव्हता, वेळ वाचायचा एवढंच. मुलगा चिन्मय नोकरीला बंगळुरूला गेला, घरात दोघंच उरली, आणि कधीतरी अनंतरावांनी पहिलं वाक्य बोलणंही सोडून दिलं. त्या गोष्टीचा यमुनाबाईंना पत्ताही लागला नाही.

तर अनंतराव इस्त्रीचा शर्ट घालून वर गेले. पाच मिनिटांत येतील म्हणून यमुनाबाई दार उघडं ठेवून उभ्या राहिल्या. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. दीड तासानं आले ते मिशीला ठेच्याचं तेल लागलेलं.

"सांगितलंत का?"

"बोललो," अनंतराव म्हणाले आणि पाणी प्यायले. खूप पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी आवाज तेवढाच. चार वाजता अनंतराव आपणहून उठले, केसांवरून कंगवा फिरवला आणि म्हणाले, "बघतो परत बोलून." मग रोजच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाईंनी नवऱ्याला भांडायला पाठवलं आणि नवरा तिकडंच रमला.

आणि रमला म्हणजे कसा? पहिल्यांदा ते हसणं ऐकलं तेव्हा यमुनाबाईंना वाटलं, मल्हारीच असेल. मग त्यात एक बारीकसा खोकला आला, हसता हसता दम लागल्यावर येणारा, आणि त्या जागच्या जागी थांबल्या. तो खोकला त्यांच्या ओळखीचा होता. लग्नानंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांत ऐकला होता, मग चिन्मय लहान असताना कधीमधी. असा हा माणूस हसतो हे त्या विसरूनही गेल्या होत्या, आणि आता तो हसत होता दुसऱ्याच्या घरात.

त्या दिवसापासून त्यांचा जीव थाऱ्यावर राहिना. मे महिन्याचा उकाडा, पण चार वाजले की पंखा बंद, म्हणजे वरचं नीट ऐकू यावं. बाथरूमच्या डक्टमधून आवाज जास्त स्पष्ट येतो हा शोध त्यांना लागला. मग काय, सदुसष्ट वर्षांची बाई प्लास्टिकच्या स्टुलावर चढून, खिडकीच्या काचेला कान लावून उभी. शब्द एक कळायचा नाही. आधी अनंतरावांचा एकसुरी आवाज, बराच वेळ, आणि मग एकदम सगळ्यांचं हसणं, त्यात वच्छलाबाईंचं सगळ्यांत वर. तळपायाची आग मस्तकात जायची.

मत्सरच होता तो, दुसरं काही नाही. आणि कुणाचा, तर दोन्ही हातांनी कठडा धरून जिना चढणाऱ्या, कपाळभर कुंकू लावणाऱ्या, 'स' आणि 'श'मधला फरक न जाणणाऱ्या वच्छलाबाईंचा. यमुनाबाई आरशात बघायच्या आणि म्हणायच्या, काय आहे त्या बाईजवळ? मी मॅट्रिकला जिल्ह्यात अकरावी आले होते.

त्यांनी उपाय करून पाहिले. साडेतीनलाच गरम थालीपीठ केलं, वर लोण्याचा गोळा. अनंतरावांनी दोन खाल्ली, छान झालंय म्हणाले आणि वर गेले. एकदा त्यांनी मुद्दाम समोर खुर्ची ओढली. "बोला की काहीतरी. बसलात नुसते."

"काय बोलू?" अनंतरावांनी विचारलं. खोचकपणानं नाही, खरंच प्रश्न पडला म्हणून.

 चारला पाच कमी होते. अनंतराव घड्याळाकडं बघत होते हे यमुनाबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

वच्छलाबाई मधूनमधून खाली यायच्या. कधी शेपूची भाजी, कधी करडईच्या तेलातला ठेचा. "ताई, तुमी बी या की वर. सायेब येत्यात, तुमी एकल्याच बसताव हितं. लई मजा येती बगा."

"मला वेळ नसतो," यमुनाबाई दार अर्धंच उघडून म्हणायच्या. डबा घ्यायच्या, दुसऱ्या दिवशी घासून, रिकामाच परत करायच्या. रिकामा डबा परत करू नये हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. म्हणून तर तसा करायच्या.

महिने असेच गेले आणि हनुमानचा अकरा महिन्यांचा भाडेकरार संपत आला. सोसायटीचा नियम असा, की करार वाढवायचा तर खालच्या-वरच्या शेजाऱ्यांची लेखी तक्रार नको. चेअरमन काकासाहेबांनी तशी नोटीस जिन्यात लावली. यमुनाबाईंनी ती दोनदा वाचली. त्यांना काय हवं होतं ते इथं स्पष्टच सांगतो. त्यांना शांतता नको होती. त्यांना तो वरचा हसणारा माणूस खाली, आपल्या सोफ्यावर परत आणायचा होता. वरचं घरच नसलं तर जाईल कुठं?

त्यांनी फुलस्केप कागदावर तक्रार लिहिली. 'आम्ही उभयता ज्येष्ठ नागरिक', वगैरे. खाली दोन नावं, सौ. यमुना आणि श्री. अनंत, सहीपुरती जागा सोडून. आणि सरळ अनंतरावांना विचारायचं सोडून तो कागद त्यांच्या चष्म्याखाली ठेवला आणि स्वतः देवळात गेल्या. विरोध करायचा असेल तर करतील, असा हिशेब.

परत आल्या तर कागद तिथंच, पण लाल पेननं तपासलेला. वर 'विषय' आणि 'संदर्भ' घातलेले, मुद्द्यांना क्रमांक दिलेले, 'त्यामुळे'च्या जागी 'सबब'. आणि खाली स्वतःचं नाव पट्टी ठेवून, सरळ रेषेत खोडलेलं.

यमुनाबाईंचा ऊर भरून आला. फ्लॅट आपल्या नावावर आहे, म्हणजे नियमानं एकच सही लागते, म्हणून यांनी आपलं नाव काढलं. आणि मसुदा तपासून दिला म्हणजे मंजूरच की. चाळीस वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं, यांच्या हातून तपासून निघालेला कागद पुढंच जायचा. बाई कारकुनाच्या बायको होत्या, पण कारकून त्यांना कळला नव्हता. अहो, या माणसानं स्वतःच्या बडतर्फीचा मसुदा समोर आला असता तरी त्यातला स्वल्पविराम नीट करून दिला असता. त्यांनी कागद स्वच्छ उतरवला, सही केली आणि काकासाहेबांना दिला. अनंतरावांशी त्यावर एक शब्द झाला नाही.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. काकासाहेबांनी तक्रार वाचून दाखवली. मल्हारी, वच्छलाबाई आणि हनुमान खुर्च्या रिकाम्या असूनही उभेच होते. 

मग वच्छलाबाई म्हणाल्या, "आवाजाचा तरास व्हता व्हय ताई? मंग सांगायचं ना. आमी तर सायेबांना रोज इचारायचो, खाली काय ऐकू बिकू जातं का म्हनून. ते म्हनायचे, नाय, काईच ऐकू येत नाय."

सगळी बिल्डिंग अनंतरावांकडं बघायला लागली. अनंतराव स्वतःच्या चपलांकडं बघत होते. नऊ-दहा महिने रोज तक्रार घेऊन वर गेलेल्या माणसानं ती एकदाही सांगितली नव्हती. यमुनाबाईंचा चेहरा शरमेनं लाल झाला, पण शरमेपेक्षा राग मोठा होता, की त्या वरच्या चहापायी यांनी मला सोडून त्यांची बाजू राखली.

"आता लेखी आलंय म्हटल्यावर..." काकासाहेब चाचरत म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," मल्हारी म्हणाला. "बाईमानसाला तरास देऊन कुटं ऱ्हायचं. आमाला काय, पाल उचललं का चाललं."

महिनाअखेरीला टेम्पो आला आणि ते शेंद्र्याला, कंपनीजवळ दोन खोल्या घेऊन राहायला गेले. जाताना वच्छलाबाई खाली येऊन म्हणाल्या, "चुकलं माकलं पोटात घाला, ताई." यमुनाबाईंनी मान हलवली. वरच्या फ्लॅटला कुलूप लागलं.

पहिल्या दिवशी चार वाजता यमुनाबाईंनी आल्याचा चहा केला आणि सोफ्यावर बसल्या. अनंतराव समोर बसले, चहा प्यायले, कपबशी धुऊन ठेवली आणि पेपर उघडला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी यमुनाबाईंनी न राहवून विचारलं, "राग आलाय का?"

"नाही."

"मग तुम्हीच तर तपासून दिलात ना कागद."

"अर्ज तुझा होता. चांगला लिहावा एवढंच," अनंतराव म्हणाले. "माझी तक्रार नव्हती. म्हणून नाव खोडलं."

म्हणजे ती मंजुरी नव्हती, हे यमुनाबाईंना आता कळलं. पण आता काय, टेम्पो गेला होता. जातील विसरून, चार महिन्यांत येतील ताळ्यावर, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

चार महिने लागले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी अनंतरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पिशवीत पाण्याची बाटली टाकली आणि "शेंद्र्याला जाऊन येतो" म्हणून निघाले. सिटी बसनं जायला तास, यायला तास. सकाळी नऊला गेलेला माणूस संध्याकाळी सातला उगवला. मग दर सोमवारी आणि गुरुवारी तेच ठरलं. पूर्वी रोजचा तासभर जात होता, आता आठवड्यातले दोन अख्खे दिवस गेले. पूर्वी निदान स्टुलावर चढून ऐकता येत होतं. शेंद्र्यापर्यंत कुठला डक्ट जाणार?

एका गुरुवारी जेवताना यमुनाबाईंनी भाकरी मोडली आणि ताटातच ठेवली. "एक विचारू? खरं सांगा. त्या बाईंकडं असं काय आहे? काय देतात ते तुम्हाला?"

अनंतरावांनी विचार केला. "काही नाही गं. चहा. कधी भाकरी."

"मग इतकं हसायचात कशाला?"

"मी सांगायचो, ते ऐकायचे," अनंतराव म्हणाले. "कचेरीतलं काहीबाही. मल्हारीला तीच गोष्ट दहादा सांगितली तरी चालते. दहाव्यांदाही शेवटी काय झालं म्हणून पुढं सरकून बसतो."

 एवढ्यासाठी आपण जळून खाक झालो, असं यमुनाबाईंना वाटलं. यातलं त्यांच्याजवळ काय नव्हतं? कान होते, वेळ होता, समोरासमोर बसायला टेबल होतं. त्यांनी ताट थोडं बाजूला सारलं आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"मला सांगा ना," त्या म्हणाल्या. "आज काय सांगितलंत त्यांना, ते सांगा."

अनंतरावांनी वर पाहिलं. खरंच विचारतेय का, असं जरा निरखून पाहिलं, आणि मग त्यांच्या मिशीच्या कडेला काहीतरी हललं. घोटभर पाणी पिऊन त्यांनी खुर्ची सरकवून घेतली.

"आमच्या कचेरीत एकदा एक म्हातारा शेळी घेऊन आला," ते म्हणाले. "म्हणाला, साहेब, अर्ज द्यायचाय, पण हिला बाहेर बांधायला जागा नाही—"

"आणि शेळीनं त्याचाच अर्ज खाल्ला," यमुनाबाई म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं. त्यांनी हात पुढं केला, "नाही, सांगा, सांगा तुम्ही," असं म्हणाल्याही, दोनदा म्हणाल्या.

"हां, तीच ती," अनंतराव म्हणाले आणि वरणाची वाटी जवळ ओढून जेवायला लागले.