संकष्टीचा आदर्श पाठ

अंधेरीतल्या मरोळच्या ज्ञानतरंग प्राथमिक शाळेत विज्ञानाची पेटी होती. होती म्हणजे कपाटात होती, आणि कपाटाला कुलूप होतं. उघडली आणि भिंग फुटलं, चुंबक हरवलं, तर निस्तरणार कोण? म्हणून मुख्याध्यापक सुबोधसरांनी पेटी आली तशी, दोरीसकट जपली होती. वर्षातून एकदा ती बाहेर निघायची, मुलांचा तिच्याबरोबर फोटो निघायचा आणि पेटीबाई पुन्हा आत. चौथीच्या कल्पिताबाई मग फळ्यावर भिंगाचं चित्र काढायच्या आणि मनातल्या मनात चरफडायच्या.

अशात एका विज्ञान संस्थेनं प्राथमिक शिक्षकांसाठी उन्हाळी प्रशिक्षण जाहीर केलं. अंधेरीतून एकच जागा. निवड होईल त्या शिक्षकाला वर्गासाठी स्वतःची पेटी मिळणार होती, आणि ती म्हणे मुलांनी हाताळायचीच! कल्पिताबाईंना ती जागा हवी होती, अगदी जीव तुटेस्तोवर हवी होती. संस्थेच्या नेत्रामॅडम पाठ बघायला येणार होत्या. बाईंनी प्रयोग ठरवला: अंडं साध्या पाण्यात बुडतं, मिठाच्या पाण्यात तरंगतं.

"झकास," सुबोधसर म्हणाले, "पण रिस्क नको. तालीम घ्या."

तालीम म्हणजे कशी, तर हवेत. रोज कुठं अंडी आणत बसायचं! बाईंनी रिकामा ग्लास दाखवायचा आणि विचारायचं, "साध्या पाण्यात काय झालं?" की पोरं बेंबीच्या देठापासून ओरडणार, "बुडालं!" "आणि मिठाच्या पाण्यात?" "तरंगलं!" मग टाळ्या. टाळ्यांचीसुद्धा तालीम, हो! बाईंना हे पटत नव्हतं, पण पाठ चुकला तर जागा जाईल या धास्तीनं त्यांनीच चार वेळा जास्त घोकून घेतलं.

ठरलेल्या दिवशी तिसरीच्या मेबलबाईंनी आपल्या घरच्या कोंबडीचं ताजं अंडं आणून टेबलावर ठेवलं. सुबोधसरांनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो मेबलबाई, आज संकष्टी! पाहुण्यांचा उपास असला तर? टेबलावर अंडं? शाळेचं नाक कापायचंय काय?"

अंडं मेबलबाईंच्या डब्यात परत गेलं. सरांनी शिपायाकडून लिंबू मागवलं, ताटलीत ठेवलं आणि वर रुमाल झाकला. गोलच तर आहे, त्यात काय एवढं! कल्पिताबाई तेव्हा फाटकावर मॅडमची वाट बघत उभ्या होत्या. त्यांना सांगायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मॅडमनी मोबाईल उभा धरून चित्रीकरण सुरू केलं. बाईंनी रुमाल उचलला. लिंबू! दारातून सुबोधसर अंगठा उंचावून 'झकास' अशी खूण करत होते. सालासकट लिंबू साध्या पाण्यातसुद्धा तरंगतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पण आता थांबायचं कसं? त्यांनी ते साध्या पाण्यात सोडलं. तरंगलं. छान डुलत, वर तोंड काढून तरंगलं.

'बघा रे, हे असं का झालं?' एवढं विचारलं असतं तरी खरा पाठ तिथूनच सुरू झाला असता. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण समोर मोबाईल होता, आणि ती एकच जागा.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"बुडालं!" अख्खा वर्ग कडाडला. "अंडं बुडालं!"

मिठाच्या पाण्यात "तरंगलं!" झालं, टाळ्याही तालमीबरहुकूम पडल्या. मॅडमनी मोबाईल खाली घेतला.

"वा! एकही मूल अडखळलं नाही. केवढा हा आत्मविश्वास! जागा तुमचीच, कल्पिताताई."

ऑफिसात सरांनी अदबीनं साबुदाणा वडे पुढे केले. "माझा कसला उपास?" मॅडम हसल्या. "मला तर काहीही चालतं." सुबोधसर मेबलबाईंची नजर चुकवत चटणी वाढू लागले.

कल्पिताबाईंनी वड्याला हात लावला नाही. एवढी हवी होती ती जागा मिळाली होती, तरी त्या उठल्या. त्या तडक वर्गात परतल्या. ग्लास अजून टेबलावरच होता.

"मुलांनो, मी चुकले. आता खरं सांगा. साध्या पाण्यात तुम्हाला काय दिसलं?"

मुलं बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. कुणी ग्लासाकडे बघेना. शेवटी अबोली उभी राहिली. मोठ्या आवाजात बोलणारी पोर, पण आज अगदी हळू बोलली.

"बाई, मला ना... तरंगताना दिसलं," ती म्हणाली आणि तिनं पटकन दोन्ही कान पकडले. "पण चुकून दिसलं, बाई. परत नाही दिसणार."