नव्या टाचेची फेरी

त्या वस्तीत सगळं हाकेच्या अंतरावर होतं, आणि बूटवाल्या काकांची अडचण नेमकी तीच होती.

एरवी काकांनी याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. करतील कशाला? भाजी, टपाल, वाचनालय, दात उपटून घ्यायची सोय, सगळीकडे माणसं पायी जायची. पायी जायची म्हणून टाचा झिजायच्या, आणि झिजलेली प्रत्येक टाच शेवटी काकांच्याच दुकानात यायची. पलीकडच्या नव्या वसाहतीत पाव आणायलासुद्धा गाडी काढावी लागते. तिथे काकांच्या ओळखीच्या एका कारागिराने मोठ्या हौसेने बूटदुरुस्तीचं दुकान थाटलं होतं. तो आता किल्ल्या बनवतो.

पण पायी चालणाऱ्या वस्तीत माणसाला एकटं म्हणून राहता येत नाही, हेही तितकंच खरं. इथे कुणाला खोकला झाला तर औषधाच्या दुकानात पोचेपर्यंत त्याला वाटेतल्या चार जणांचे उपाय पाठ झालेले असत, आणि दुकानदाराला खोकल्याची बातमी आधीच लागलेली असे. नवराबायकोची भांडणंसुद्धा लोक जिन्यात उरकून मगच रस्त्यावर पाऊल ठेवत.

काका साठीचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दुकानाच्या वरच घर, आणि घरात थोरली बहीण. तिला सगळी वस्ती ताई म्हणायची. ताईंचं घरात लक्ष कमी आणि खिडकीत जास्त. साठ वर्षांच्या भावाला त्या अजून ‘बाळ्या’ म्हणून हाक मारत, तीही खिडकीतून, गिऱ्हाइकांच्या देखत.

आणि भूगोलाच्या बाई. शाळेतून निवृत्त झाल्या तरी नाव तेच राहिलं. निम्म्या वस्तीने त्यांच्याकडे नद्या आणि वारे शिकलेले असल्यामुळे त्या रस्त्याने निघाल्या की चांगले टक्कल पडलेले बापे खिशातून हात बाहेर काढत. बाई एकट्या राहत. त्या दुकानात आल्या की काकांना जरा नीट बसावंसं वाटे, आणि गेल्या की पुढचा बूट हातात घेऊन ते उगाचच बघत राहत. हे दोन वर्षं चाललं होतं. काकांचा बाईंवर जीव जडला होता, दुसरं काही नाही.

त्या सोमवारी बाई तपकिरी बूट घेऊन आल्या. काका जुनी टाच उपटत असताना त्या सहज म्हणाल्या, “मुलगा मागे लागलाय. म्हणतो, नव्या वसाहतीत माझ्याकडे राहायला ये, इथलं बंद कर. रविवारी गाडी घेऊन येणार आहे उत्तर ऐकायला.”

काकांच्या हातातली रापी होती तिथेच थांबली. “मग काय ठरवलंत?”

“रविवारी सांगेन त्याला,” बाई म्हणाल्या, आणि काकांनी कितीही वेळ टाच चाचपली तरी त्यापुढे एक शब्द बोलल्या नाहीत.

आता रविवारच्या आत विचारायलाच हवं होतं. पण विचारायचं कुठे? दुकानात सतत कुणीतरी ठाण मांडून बसलेलं. बाईंना घरापर्यंत सोडायला जावं, तर घर ते केवढ्यावर! काकांनी पूर्वी दोनतीनदा प्रयत्न करून पाहिला होता. पिशवी हातात घ्यायची, घसा साफ करायचा, “बाई, मला जरा...” म्हणायचं, की भाजीवाली मावशी हाक मारायची. मावशीला उत्तर देऊन पुन्हा “तर मी काय म्हणत होतो,” म्हणेपर्यंत औषधवाला दारात. त्याच्या तावडीतून सुटावं, तर बाईंचं दार येऊन ठेपलेलं. “काय म्हणत होतात?” बाई विचारायच्या. “नाही, म्हटलं, हवा बरी आहे,” काका म्हणायचे आणि परत यायचे.

तेव्हा मंगळवारी बूट देताना काकांनी आयुष्यातली पहिली थाप मारली, आणि तीही धंद्यातली.

“बाई, नवी टाच बसवली की एक फेरी मारून बघावी लागते. कारागिरानं सोबत चालायचं. पाऊल कसं पडतं ते बघितलं नाही तर पुढे गुडघ्यावर येतं.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “इतकी वर्षं हे कधी बोलला नाहीत.”

“आता ही पद्धत निघाली आहे,” काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

“कुठवर चालायचं?”

“कालव्याच्या पुलापर्यंत तरी.” पूल वस्तीच्या पार टोकाला होता. तिथे दुकान नव्हतं, खिडकी नव्हती, कुणाची मावशी नव्हती. काकांनी सगळा विचार केला होता.

फक्त एक गोष्ट राहून गेली. पुलापर्यंत जायचं तर वस्तीतूनच जायचं होतं. भाजीवाल्या मावशीने विचारलं, कुठे निघालात? काकांनी टाचेचं सांगितलं. मावशी म्हणाली, गुडघ्याचं म्हणताय तर मीही येते, मला फार त्रास आहे. गुडघ्याचं नाव ऐकून औषधवाला बाहेर आला, कारण गुडघे हा त्याचा आवडता विषय. पुलावर पोचले तेव्हा सात-आठ माणसं जमली होती आणि बाईंच्या टाचेकडे वाकून बघत होती. बाई शांतपणे पुढे चालून मागे आल्या, वर्गात तास घेतल्यासारख्या. काकांनी गंभीर चेहऱ्याने “ठीक आहे” म्हटलं. त्यांना कालव्यात उडी मारावीशी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत बाहेर रांग. दातांचे डॉक्टर म्हणाले, “काका, माझी टाच तुम्हीच बदललीत. मला नाही फिरवलंत?” सलूनवाला म्हणाला, माझ्या बुटांना तर दोन महिने झाले, गुडघा आत्ता कुठे कुरकुरायला लागलाय, हेच कारण असणार. आपल्यालाच मुद्दाम वगळलं अशी प्रत्येकाची समजूत. थाप मारली होती असं सांगावं, तर बाईंना काय तोंड दाखवायचं? काका निमूटपणे उठले आणि डॉक्टरांबरोबर पुलापर्यंत चालून आले.

मग तो आठवडा काकांनी रस्त्यावरच काढला. डॉक्टर वाटेत दुसऱ्यांच्या दातांबद्दल बोलले, सलूनवाला तिसऱ्यांच्या बायकांबद्दल. मावशीची फेरी तर दर दारात थांबत गेली आणि अर्धी दुपार खाऊन संपली. चपलांना टाच नसते हे एका गृहस्थांना पटवता पटवता काकांचा घसा बसला. दुकानात फाटके बूट साठत गेले. “दुकान सताड उघडं आणि मालक गावभर,” ताई खिडकीतून म्हणाल्या. “बाळ्या, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?”

बाई बुधवारी दुकानात येऊन गेल्या. काका पुलावर होते. शुक्रवारी पुन्हा आल्या, तेव्हाही काका पुलावर. ताईंनी हे दोन्ही वेळा वरून व्यवस्थित पाहिलं आणि रात्री जेवताना सांगितलं. काका ताटावरून उठले. गंमत अशी, की प्रत्येक फेरीत पुलाचा कठडा दिसला की बाईंना विचारायचं ते वाक्य त्यांच्या जिभेवर येऊन बसे. शेजारी सलूनवाला बघून ते परत गिळावं लागे.

रविवारी बाईंचा मुलगा आला. गाडी मोठी आणि गल्ल्या अरुंद. ती लावायला जागा शोधत त्याने वस्तीला इतके वळसे घातले, की लोक त्याला पुन्हा पुन्हा हात करून कंटाळले. शेवटी बाईंच्या दारातच, निम्मी चाकं पायरीशी घासून, त्याने ती उभी केली. उतरला तो लंगडतच. नवे बूट चावत होते.

“काकांकडे जा,” सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. “ते फिरवून बघतात.”

आणि मुलगा खरंच दुकानात येऊन उभा राहिला. आईच्याच वळणाचं नाक, चेहऱ्यावर घाम. काका त्याच्याकडे बघत राहिले. याला नाही म्हणायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं. त्यांनी बूट सैल करून दिले आणि सवयीने पुलाच्या दिशेला लागले.

नेमकी त्या दिवशी कुणीच हाक मारली नाही. बाईंचा मुलगा आईला न्यायला आलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे माणसं दारात उभी राहून नुसती बघत होती. मुलगाच बोलत होता. “आईचं काही कळत नाही, काका. आमच्याकडे स्वतंत्र खोली आहे, बाग आहे. कुठं जायचं म्हटलं तर मी गाडीनं सोडीन.”

“आणि तुम्ही कामावर असताना?”

मुलाने कपाळावरचा घाम पुसला. “बागेत फेऱ्या मारेल.”

एवढ्यात पूल आला. कठडा दिसला. आठवडाभर गिळलेलं वाक्य जिभेवर आलं, आणि या खेपेला काकांना ते आवरलं नाही. “मला तुमच्या आईशी लग्न करायचं आहे,” ते म्हणाले.

पुलावरून सायकल हातात धरून पोस्टमन येत होता. त्याने ऐकलं. तो सायकलवर बसला आणि वस्तीकडे निघून गेला.

मुलगा कठड्याला टेकला. त्याने एक बूट काढून टाच पाहिली. “फोड आलाय,” तो म्हणाला. मग, “आईला विचारलंत?”

“नाही.”

“मग मला काय सांगताय?”

“त्यांच्या घरापर्यंतचा रस्ता फार जवळचा आहे हो,” काका अगदी रडकुंडीला येऊन म्हणाले.

मुलाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. चिडावं की हसावं हे त्यालाही ठरवता येईना. बूट हातात घेऊन तो अनवाणी परत चालू लागला, आणि काका त्याच्या मागून, शिक्षा झालेल्या पोरासारखे.

परत येईपर्यंत बातमी सगळीकडे पोचून, दोनदा फिरून, जरा फुगलीही होती. औषधवाल्याने पट्टी आणून मुलाच्या पायाला लावली. कुणीतरी खुर्ची आणली, कुणी पाणी. आपल्या वसाहतीत कुणी पायाला पट्टी लावली नसती, एवढं मुलाच्या लक्षात आलं. मावशी तेच टोमॅटो काढून परत तिथेच रचत होती. ताई, ज्या सहसा जिना उतरत नसत, त्या खाली आल्या होत्या.

बाई दारात उभ्या होत्या. “मला पोस्टमननं सांगितलं,” त्या म्हणाल्या. “मग मावशीनं. मग तुमच्या ताईंनी. आता तुम्ही काही सांगणार आहात का, की तुमची पाळी अजून यायची आहे?”

काकांनी तोंड उघडलं.

“बोला काका, बोला,” पोस्टमन म्हणाला.

काकांनी तोंड मिटलं. बाईंनी रस्त्यावर एक नजर फिरवली. टक्कल पडलेल्या बाप्यांनी खिशातून हात काढले, पण जागचं कुणी हललं नाही. बाई मुलाला म्हणाल्या, “गाडी उघड रे जरा.”

मुलाने खुर्चीतूनच गाडी उघडली. बाई पुढे बसल्या, काका शेजारी, चालकाच्या जागेवर. दारं लागली आणि आवाज एकदम बंद झाले. काकांना ही शांतता इतकी नवी होती, की आधी कानालाच काहीतरी झालं असं त्यांना वाटलं.

“आधी माझं ऐका,” बाई म्हणाल्या. “मी कुठेही जाणार नाहीये. ते मी केव्हाच ठरवलंय, आज त्याला सांगणार आहे. तेव्हा मी जाईन या भीतीनं विचारणार असाल, तर आता घाई करायचं कारण नाही. पुन्हा दोन वर्षं टाचा ठोकत बसलात तरी चालेल.”

काकांना सुटल्यासारखं झालं. भीती गेली. आता नाही विचारलं तरी बाई उद्या रस्त्यात दिसणार, परवाही दिसणार. ते सगळं सुखाचं होतं, आणि तेवढ्याने त्यांचं भागणार नव्हतं.

“दुकानात लोक बोलतात, मी ऐकतो,” ते म्हणाले. “घरी ताई बोलते, मी ऐकतो. तुम्ही आलात की मला बोलावंसं वाटतं. मला तुमच्याबरोबर राहायचं आहे, बाई. लग्न कराल माझ्याशी?”

बाई समोर पाहत होत्या. काचेपलीकडे सगळी वस्ती उभी होती, आणि ताई सगळ्यांच्या पुढे.

“करीन,” त्या म्हणाल्या. “पण चेहरा सरळ ठेवा. ही माणसं ओठांवरून ओळखतात. संध्याकाळपर्यंत तरी ही गोष्ट आपल्या दोघांचीच राहू दे.”

खिळे ओठांत धरून जन्मभर काम केलेल्या माणसाला ओठ घट्ट मिटून ठेवायला शिकवावं लागत नाही. डोळ्यांचं मात्र काकांना काही करता येईना. ते त्यांनी समोरच्या स्टिअरिंगवर लावून ठेवले, जणू गाडी चालवायची आहे.

“उतरू या?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

“इतक्यात नको,” बाई म्हणाल्या.

गाडीची किल्ली बाहेर मुलाच्या खिशात होती, काकांना गाडी चालवता येत नव्हती, आणि दोघांनाही कुठे जायचं नव्हतं.