याला न्यायला कोण येणार?

“याला बटणं किती आहेत, ते आधी सांगा,” बसबाई म्हणाली.

दुकानदाराने काउंटरवर मांडून ठेवलेल्या कॅमेऱ्यांकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. गिऱ्हाइकं किंमत विचारतात, वॉरंटी विचारतात, पिशवी फुकट मिळेल का विचारतात. बटणांची चौकशी करणारं गिऱ्हाईक त्याला नवीन होतं.

“वहिनी, अगं माझ्या फोनवर निघतात की फोटो,” नणंद तिसऱ्यांदा म्हणाली. “परदेशात उगाच एक वस्तू सांभाळत बसायची!”

“तुमच्या फोनवर तुमचे निघतील, वन्सं. मला माझा हवा. साधा, स्वस्त आणि डोकं न खाणारा. दाबला की फोटो, संपला विषय.”

बसबाई हे काही तिचं नाव नव्हे. शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायचं, बसवायचं, भांडणं सोडवायची, कुणाला उलटी झाली तर पुसायची आणि संध्याकाळी एकेकाला घराशी उतरवायचं, हे काम तिने उभा जन्म केलं. लोक बसबाई म्हणू लागले ते कायमचेच. नवरा होता तोवर तोही लाडात आला की बसबाईच म्हणायचा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. त्यावरून कुणी हळहळलं की ती फटकन म्हणायची, “रोज बसभर असतात, अजून किती हवीत?” आणि मग घरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायची.

कामात तिचा एक नियम होता आणि त्यापुढे शाळेच्या मोठ्या बाईंचंही काही चालत नसे. मुलाचं घरचं माणूस समोर दिसल्याशिवाय मूल खाली उतरणार नाही. शेजारी येऊ दे, मामा म्हणवणारा येऊ दे, हातात खाऊ घेऊन येऊ दे, तिने कुणाला भीक घातली नाही. “याला न्यायला कोण येणार?” असं ती खड्या आवाजात विचारायची आणि मूल स्वतः ओळखीचं हसेपर्यंत त्याला सोडायची नाही. कुणीच आलं नाही तर मुलापुढे आपलं बोट धरायची, म्हणायची, “चल, मी आहे,” आणि त्याला घेऊन बसच्या पायरीवर बसून राहायची. मग कधीतरी ओल्या केसांची, दोन वेगळ्या चपला घातलेली आई धापा टाकत यायची आणि बसबाईचं बोट मोकळं व्हायचं.

आता निवृत्ती झाली होती. नणंदही एकटीच, तेव्हा दोघींनी मिळून समुद्रापलीकडच्या सहलीत नावं घातली होती. बसबाई जन्मात पहिल्यांदा अशा प्रवासाला निघाली होती, ज्यात तिला कुणाला सांभाळायचं नव्हतं. तिला त्याचा आनंद व्हायला हवा होता.

“हा घ्या,” दुकानदार म्हणाला. “चालू करायचं एक बटण, फोटोचं एक. समोर माणसाचं तोंड असलं की आपोआप पिवळी चौकट येते. चौकट आली की दाबायचं.”

बसबाईने कॅमेरा उचलला. नणंदेवर धरला, नणंदेच्या तोंडाभोवती चौकट आली. “बघा वन्सं, तुमचं नाकही मावलं,” ती म्हणाली. दुकानदारावर धरला, त्यालाही चौकट आली. मग सहज म्हणून तिने कॅमेरा दाराकडे फिरवला. काउंटर संपतो आणि काचेचं दार सुरू होतं त्या कोपऱ्यात कुणी नव्हतं. नुसती भिंत होती. पडद्यावर मात्र तिथे एक पिवळी चौकट आली. लहान, आणि खाली, काउंटरच्या कडेपेक्षाही खाली.

“हा बिघडलाय,” नणंद तिच्या खांद्यावरून बघत म्हणाली. “भिंतीला तोंड फुटलं म्हणे!”

दुकानदार हसला नाही. त्याने घाईघाईने दुसरा कॅमेरा पुढे केला. बसबाईने तोही त्याच कोपऱ्यावर धरला. चौकट तिथेच होती. ती जराशी हलली, थांबली, पुन्हा हलली. कंटाळलेलं मूल एका पायावरून दुसऱ्या पायावर होतं तशी.

“काय आहे हो तिथे?” नणंदेचा आवाज एकदम बारीक झाला.

“काही करत नाही ते,” दुकानदार काउंटर पुसत म्हणाला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. “आम्ही सहसा कॅमेरे तिकडे धरू देत नाही. वडील सांगायचे, दुकानाआधी इथे आगबोटीच्या तिकिटांचं ऑफिस होतं. एक बाई मूल घेऊन आली. दुसऱ्यांची मुलं सांभाळायला परदेशी निघाली होती बिचारी. तिकीट एकटीचंच. मुलाला म्हणाली, इथेच थांब, मी आले. ती गेली ती गेलीच, आणि मागे मूल तापाने गेलं म्हणतात. खरंखोटं देव जाणे. मी लहानपणापासून बघतोय, दार उघडलं की ते वर बघतं.”

नणंदेने पदर आवळला. “वहिनी, चल बाई. दुसरं दुकान बघू.”

पण बसबाईच्या कानांत दुकानदाराचं शेवटचं वाक्यच अडकलं होतं. एवढी वर्षं हे मूल दाराकडे बघत उभं आहे आणि कुणी साधं विचारलंसुद्धा नाही! तिला भीती वाटली नाही असं नाही. पण त्याहून जास्त तिला राग आला. आणि रागाच्या भरात, आपण काय करतोय याचा विचार न करता, तिने तेच केलं जे उभ्या जन्मात करत आली होती. खड्या आवाजात विचारलं, “याला न्यायला कोण येणार?”

दुकानदार काउंटर पुसतच राहिला. बसबाईचा हात सवयीने खाली गेला, बोट पुढे झालं आणि तोंडातून निघून गेलं, “चल, मी आहे.”

तिच्या बोटाभोवती काहीतरी गार मिटलं.

 मग दुसऱ्या हाताने तिने कॅमेरा कोपऱ्यावर धरला. भिंत होती, फरशी होती. चौकट नव्हती. दुकानदाराने ते पाहिलं आणि काउंटर पुसायचा थांबला.

“हाच कॅमेरा द्या,” बसबाई म्हणाली. 

नणंदेने घरी जाऊन आकांत मांडला. कुणाला तरी दाखवू, सहल रद्द करू, कॅमेरा परत देऊ, सगळं म्हणून झालं. बसबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “वन्सं, एकदा बोट दिलं की मध्येच काढून घेता येत नाही हो. मूल बिथरतं.”  नणंद रात्रभर दिवा लावून झोपली, आणि ठरल्या दिवशी दोघी निघाल्या. दोघी म्हणजे आपल्या हिशेबाने.

विमानात बसबाईच्या शेजारची खिडकीची जागा रिकामीच राहिली. विमानातली मुलगी खाण्याचे ट्रे वाटत आली, वाकली, आणि त्या रिकाम्या जागेपुढे तिने रंगीत खडूंची छोटी पेटी ठेवली. दोन पावलं पुढे गेल्यावर थबकून मागे पाहिलं, स्वतःच गोंधळली आणि निघून गेली. बसबाईने पेटी उघडून ठेवली. नणंदेने डोळे गच्च मिटून घेतले ते उतरेपर्यंत उघडले नाहीत.

परदेश बसबाईला आवडला. पण बाकीचे बघत होते तसा तिने तो बघितलाच नाही. सगळे मनोऱ्यांच्या टोकांकडे माना वर करायचे, ही कारंज्याच्या कडेला बसून कबुतरं बघायची. “ती बघ, लंगडी आहे बिचारी,” असं हळूच म्हणायची. सहलीतले लोक तिला जरा चळलेली समजले. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. रोज सकाळी हॉटेलच्या खिडकीवर, काचेच्या अगदी खालच्या भागात, श्वासाने धरतो तसा वाफेचा एक गोल असायचा. नणंदेने पहिल्या दिवशी तो पाहिला आणि तिच्या हातातला कप पडला. पुढे पुढे ती त्या बाजूला पडदाच ओढायला लागली.

फोटो मात्र नणंदच काढायची, कारण बसबाईला स्वतःचे हवे असायचे. आयुष्यात कधी नव्हे ती ही हौस. पडद्यावर दोन चौकटी दिसायच्या, एक बसबाईच्या तोंडावर आणि एक तिच्या कमरेपाशी. फोटो निघाला की त्यात ती एकटीच असायची, एक हात किंचित बाहेर धरलेला. एकदा खालची चौकट दिसेना, तर बसबाई पांढरीफटक पडली. पण चौकट लगेच परत आली; मागे कुठे पतंग दिसला असावा. “पाठ फिरवली असेल,” नणंद म्हणाली. “पाठ केली की चौकट जाते. तोंड दिसावं लागतं या कॅमेऱ्याला.” बोलून झाल्यावर आपण काय समजावतोय हे तिच्या लक्षात आलं आणि ती कसनुसं हसली.

एका संध्याकाळी बसबाई खोलीत म्हणाली, “वन्सं, मी याला घरी घेऊन जाणार. आतल्या खोलीत ती लहान खाट आहेच.” नणंदेने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नको म्हणायचा तिला धीर झाला नाही. आपली वहिनी इतकी सुखात तिने आपला भाऊ असतानाही पाहिली नव्हती.

शेवटच्या दिवशी टूरवाल्याने सगळ्यांना जुन्या बंदरावर नेलं. एके काळी इथे आपल्याकडून येणाऱ्या मोठमोठ्या आगबोटी लागायच्या, असं तो सांगत होता. आता धक्का रिकामा होता, दगडांवर शेवाळ होतं आणि भर दुपारी तिथे इतकं धुकं उतरलं होतं, की पाण्याचा नुसता आवाज येत होता. बसबाईने बंदराचा फोटो घ्यायला कॅमेरा वर केला.

धक्क्याच्या टोकाला कुणीच नव्हतं. पडद्यावर तिथे एक चौकट होती, बाईमाणसाच्या उंचीची.

बसबाईने डोळे चोळले आणि पुन्हा पाहिलं. चौकट मोठी झाली होती, म्हणजे जवळ आली होती. मध्येच खाली गेली, वर आली, पुन्हा वेगाने मोठी झाली. हे येणं बसबाईने हजार वेळा पाहिलं होतं. उशीर झालेली बाई अशीच येते, ठेचकाळत, सावरत.

तिने खटकन कॅमेरा बंद केला, पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

“काय झालं गं?” नणंदेने विचारलं.

“काही नाही. चला बसमध्ये. गारठा आहे इथे.”

ती निघाली. पण बोट मागे राहिलं. त्याला ओढ लागली होती, धक्क्याच्या दिशेने.

“चल म्हणते ना!” बसबाई ओरडली. असा आवाज तिने कुठल्याच मुलावर कधी काढला नव्हता. आणि तिला स्वतःची लाज वाटली. घरच्या माणसाऐवजी मूल न्यायला आलेल्या सगळ्या मामा-काकांना तिने पायरीवरून हाकललं होतं. आज घरचं माणूस समोर होतं आणि मूल ओढून नेणारी ती होती.

तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले. “एवढ्या वर्षांनी आली,” ती नणंदेला म्हणाली. “थोडी अजून उशिरा आली असती तर काय बिघडलं असतं तिचं?”

नणंदेला सगळं कळलं. तिने पर्सची चेन उघडली आणि कॅमेरा वहिनीच्या हातात दिला.

बसबाईने तो चालू केला. मोठी चौकट आता अगदी समोर होती, पुढे येत नव्हती. आपल्याला हक्क आहे की नाही हे ठाऊक नसल्यासारखी थांबली होती. बसबाईने कॅमेरा खाली वळवला. लहान चौकट तिच्याकडे तोंड करून होती.

“ओळखतोस ना रे?” तिने विचारलं. “मग जा. रागावू नकोस हं तिच्यावर. दमून आली आहे.”

बोटावरचा गारवा आणखी घट्ट झाला, आणि मग सुटला.

लहान चौकट विझली. पाठ फिरली होती. बसबाईने कॅमेरा उचलला, तेवढ्यात मोठी चौकट झपकन खाली गेली, गुडघ्यांवर बसल्यासारखी, आणि थोड्या वेळाने तीही विझली. पडद्यावर धुकं आणि दगड उरले.

टूरवाला हाका मारत होता. लोक बसमध्ये चढत होते. नणंद शेजारी उभी राहिली. तिने हलकेच विचारलं, “आता काय बघतेस, वहिनी? गेली ना ती दोघं.”

“गेली.”

“मग?”

“काही नाही हो, वन्सं. मुलं असतात वेंधळी. एखादं पाहतंही मागे वळून.”

आणि धुक्यातल्या रिकाम्या धक्क्यावर कॅमेरा धरून ती तशीच उभी राहिली. टूरवाला खाली उतरून न्यायला आला तेव्हाही तिने तो खाली घेतला नव्हता.