निळ्या माशाची कुंडी

मित्रांनो, मी मातीची एक जुनी कुंडी. डेन्मार्कमधल्या एस्बियर्ग गावात, बंदराजवळच्या एका घरात माझं आयुष्य गेलं. माझा काठ टवकलेला आहे आणि अंगावर मिठाचे पांढरे डाग पडले आहेत. ते घासूनही जात नाहीत.

सुरुवातीला बोडिल आजींनी माझ्यात शेपू लावला होता. काठ टवकल्यावर त्यांनी मला फेकलं नाही. खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत, दगडांच्या आधाराने मला आडवं ठेवलं. टाकीत पिवळ्या शेपटीचा, बोटाएवढा एक निळा मासा होता. त्याने त्याच दिवशी माझा ताबा घेतला. तोंडाने वाळू उपसून त्याने माझं दार मोकळं केलं. कुणी टाकीत हात घातला की तो धावून यायचा आणि चावायचा. आपल्या जागेसाठी हे मासे जिवावर उदार होतात. आजी बोट चोखत नवऱ्याला म्हणायच्या, "हेनिंग, घरमालक भाडं मागतोय बघ." त्या दिवसांत मला माझा फार अभिमान वाटायचा.

मग आजी विसरायला लागल्या. आधी शेगडीवरची भांडी, नंतर माणसांची नावं. दोन वर्षांपूर्वी त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं आणि सोबत त्यांची हिरवी आरामखुर्ची दिली. हेनिंग आजोबा एकटे राहिले. सकाळी माशाला दाणे घालायचे, दुपारी खिडकीशी बसायचे. त्यांना दुःख होत होतं का, मला सांगता येत नाही. मलाही काही वाटेनासं झालं होतं.

आणखी मासे आणले तर घर जरा भरल्यासारखं वाटेल, असं त्यांची मुलगी सिग्ने म्हणाली. आजोबांनी दोन पिवळे मासे आणले. निळ्याने एकाचे पर कुरतडून टाकले. तिसऱ्या दिवशी तो पिवळा मेला. आजोबांनी त्याला जाळीने काढलं, हात धुतले आणि कॉफी केली.

दुकानदाराने त्यांना यावर एक उपाय सांगितला. टाकीतले दगड इकडचे तिकडे करायचे आणि माशाचं घर काढून घ्यायचं. आपली जागा कुठली हेच कळेनासं झालं, की मासा भांडत नाही. आजोबांनी तसंच केलं. मी खिडकीत येऊन पडले आणि वाळून गेले.

उपाय लागू पडला. निळा मासा एका कोपऱ्यात, हवेच्या नळीच्या मागे तरंगत राहिला. पिवळा खुशाल फिरू लागला. निळ्याच्या अंगावरचा रंग उतरला, दाणे त्याच्या समोरून खाली जायचे. आजोबा शेजाऱ्यांना सांगत होते, आता टाकीत शांतता आहे.

त्याच महिन्यात हिरवी खुर्ची घरी परत आली. आजी तिच्याजवळ कुणाला फिरकू देत नव्हत्या. एका सेविकेचा हात त्यांनी ओरबाडला, म्हणून आश्रमाने खुर्ची पाठवून दिली.

रविवारी सिग्ने जेवायला आली. राय धान्याच्या काळ्या पावावर लोणी लावता लावता म्हणाली, "बाबा, आई खूप सुधारली बरं का. कुणाशी भांडत नाही. बसवलं तिथे बसते."

"जेवते?"

"भरवलं तर थोडंसं."

आजोबांनी टाकीकडे बघितलं. नळीमागचा मासा हललाही नाही. मग ते उठले आणि त्यांनी मला पाण्यात ठेवलं, जिथे मी पूर्वी होते तिथे. पिवळ्याला पिशवीत घेतलं, दुकानात परत द्यायला. नंतर हिरव्या खुर्चीला हात घातला.

"ही कुठे नेतोयस?"

"तिच्याकडे. एका बाजूने धर."

"अरे बाबा, ती परत भांडेल."

"भांडू दे," आजोबा म्हणाले. "भांडू दे तिला."

दोघांनी मिळून खुर्ची गाडीत चढवली.

निळा मासा चौथ्या दिवशी माझ्या दारापर्यंत आला. आत आला नाही. आजी खुर्चीत बसल्या का, ते आजोबांनी सांगितलं नाही. पण रोज दुपारी ते आश्रमात जातात.

मित्रांनो, तुम्ही कुणाला पाळलंत, कुणाला सांभाळलंत, तर त्याचा कोपरा त्याच्यापाशी राहू द्या. आणि घरातलं भांडखोर कुणी एके दिवशी अगदी गप्प झालं, तर सुटलो म्हणू नका. जवळ जा आणि विचारा, तुझं काय काढून घेतलं आम्ही?